लिफ्टवाल्याचं तळं

पावसात बाळूदा तळ्यावर छत्री धरून उभा राहायचा आणि स्वतः भिजायचा. मी विचारलं, "पाण्यातल्या झाडाला पाऊस लागतो का रे?" तर म्हणाला, "तुझ्या डोक्यावर कुणी बादली वतली तर? फूल फाटतं गो."

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. त्याचं परस आणि माझा गोठा लागून. मुंबईत त्याने तीस वर्षं एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवली. तिथल्या बागेत कमळाचं तळं होतं. निवृत्त होऊन आला आणि परसात खड्डा खणायला लागला. आमची माती पाणी धरत नाही, म्हणून तळाला ताडपत्री घातली. कमळं लावली, मासे सोडले आणि कडेने तेरडा पेरला. तेरडा रानात फुकट उगवतो, पण त्याला कारण होतं. आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याची रोपं. भाद्रपदात बायका ओढ्यावर जातात, रोपं उपटून धुतात आणि सुपातून घरी आणतात. वाडीने एकदा तरी आपल्या तळ्यावरून गौर न्यावी, एवढंच त्याला हवं होतं.

त्याची बायको शेवंतीसुद्धा सूप घेऊन तळ्याला वळसा घालून ओढ्यावर जायची. "पाणवठा लोकांनी मानावा लागतो," म्हणायची. "खड्ड्यातून गौर येत नाय."

"येईल," तो म्हणायचा. "लिफ्टपण पहिली खालीच असते. माणसाने बटण दाबायला हवं."

थंडीत बगळे मासे उचलायला लागले, तेव्हा त्याने आपला जुना गणवेश टोपीसकट काठीवर उभा केला. बगळे टोपीवर बसायला लागले. पोस्टमन मात्र गणवेशाला दोनदा नमस्कार करून गेला. उन्हाळ्यात ताडपत्री गळायची, मग हा विहिरीवरून हंडे आणून ओतायचा. एका मे महिन्यात माझी म्हैस दावं तोडून नेमकी कमळांत जाऊन बसली. मी काठी घेऊन धावले. तो म्हणाला, "बसू दे. पण तिला सांग, पुढल्या वेळी पाय धुऊन ये."

मागच्या भाद्रपदात तो खाटेला खिळला. छातीत पाणी झालं होतं. "तळ्यात ऱ्हात नाय आणि छातीत ऱ्हातं," म्हणाला. गौरीच्या आदल्या दिवशी दरड पडून ओढ्याची वाट बंद झाली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका सुपं घेऊन त्याच्या परसात. शेवंती पुढे. त्याने खाट मागच्या दारात आणायला लावली, गणवेशाची टोपी मागवून डोक्यावर घातली आणि लिफ्टच्या दारात करायचा तसा हात आडवा केला. "चार झाल्याशिवाय खाली जायचं नाय. पाचवी घ्यायची नाय." मी पाय पुढे टाकला. "तू पाचवी. मागं हो." शेजारधर्म वगैरे काही नाही.

दिवाळीच्या आधी तो गेला.

यंदा वाट मोकळी होती, बायका ओढ्यावर गेल्या. माझे गुडघे दुखतात, म्हणून मी तळ्यावर गेले. शेवंती सूप घेऊन काठावर उभी.

"उतर की," मी म्हटलं.

"चार होऊ दे."

"दोघीच हाव गो आपण."

"मागं बघ."

मागे माझी म्हैस, दावं तोडून आलेली. तिला धरून तीन.

शेवंतीने काठीवरच्या गणवेशाकडे बोट केलं. "हा चौथा," म्हणाली, आणि आम्ही खाली उतरलो.