पोट आलेली भिंत

आमच्या कुंपणाच्या भिंतीला पोट आलं आहे. खिडकीतून पाहतो, तर तिच्या सावलीत पाठ टेकून फुलवाल्या सखूबाई गजरे ओवत आहेत.

काल बायको म्हणाली, "अहो, ती भिंत पाडून घ्या. कुणाच्या तरी अंगावर येईल." मी नुसतं 'हूं' म्हणालो.

बाबिलोनच्या शेजारच्या एका राज्याचा फार जुना कायदा मी कधीतरी वाचला होता. कलत्या भिंतीची सूचना मालकाला दिली, त्याने ती सावरली नाही आणि भिंतीखाली माणूस मेला, तर प्रकरण मालकाच्या जिवाशी येई आणि निवाडा राजा करी. कायदा कठोर खरा. पण मातीच्या पाटीवर लिहिणाऱ्यांनी माझ्यासारखा माणूस ओळखला होता. काल मला भिंतीची भीती वाटली नाही. बायकोने सांगितल्याचा राग आला.

सकाळी खाली जाऊन म्हणालो, "सखूबाई, जरा पलीकडे बसा."

त्या हसल्या. "साहेब, तिकडं ऊन आहे, फुलं कोमेजतात. तुम्ही भिंतीलाच सांगा की."

मीही हसून वर आलो आणि गवंड्याला फोन करायचा सोडून हे लिहीत बसलो. सखूबाई अजून तिथेच टेकून बसल्या आहेत.