लोखंडी रथाचा अध्याय

आमच्या गल्लीत श्रावणात दुपारी बायका पोथीला बसतात. एक जण ओवी वाचते, दुसरी तिचा अर्थ सांगते, मग पुढची ओवी. अर्थ सांगायचं काम माझ्या आईकडे. लहानपणापासून मला पोथीचे दोनच नियम माहीत आहेत. सुरू केलेला अध्याय अर्धवट ठेवायचा नाही, आणि तो संपला की हात जोडायचे. हे आधी सांगते, कारण कॉलेजात जे झालं ते यामुळेच झालं.

मी पूर्णेहून परभणीला रेल्वेने कॉलेजला जाते. बारावीच्या पुढे गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच. मामेभाऊ पुण्याला कामाला लागला तेव्हा त्याने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला. त्यात एक जपानी गोष्ट होती, इंग्रजीत केलेली. तिला गेम म्हणतात, पण खेळायचं फारसं काही नसतं. वर चित्र, खाली दोन ओळी. बटण दाबलं की पुढच्या दोन ओळी. मधेच विचारलं जातं, आता काय करायचं? तुम्ही जे निवडाल त्या वाटेने गोष्ट जाते.

त्यात शाळेत जाणारा एक टवाळ मुलगा आहे. एका सकाळी तो शाळेत जातो तर मैदानात अजस्र लोखंडी यंत्रं उभी. माणसासारखे हातपाय असलेली, आणि त्यांच्या छातीत बसून माणसं ती चालवतात. जग तेच, पण दुसरं. इथे कित्येक वर्षं लढाई चालू आहे. त्याचे मित्र इथेही आहेत, तेच चेहरे, तीच नावं, पण त्याला कुणी ओळखत नाही.

माझं इंग्रजी जेमतेम. म्हणून मी आईची पद्धत धरली. ओळ मोठ्याने वाचायची, अडलेले शब्द फोनवर शोधायचे आणि अर्थ मराठीत सांगायचा, तोही मोठ्याने. आई आणि काकू तिथेच तूर निवडत बसायच्या. हळूहळू त्यांचे हात थांबू लागले.

"लोखंडी रथच म्हण की मग," काकू म्हणाली. "डिझेल किती पीत आसंल गं त्यो?"

आईचं लक्ष रथाकडे नव्हतं. "त्या पोराची आई कोणत्या जगात हाय?"

"पहिल्या."

"मंग ती काय करायलीय तिकडं? पोरगं सकाळी गेलं ते आलंच न्हाई."

मी म्हटलं, त्याबद्दल यात काही लिहिलेलं नाही.

"लिव्हायला पायजे हुतं," आई म्हणाली आणि पुन्हा तूर निवडायला लागली.

या गोष्टीचे पुढे अजून भाग आहेत. पहिलाच संपायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. शेवटी शेवटी काकू पदराने डोळे पुसत म्हणाली, तुरीची धूळ लय उडायलीय.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीच्या सरांनी सेमिनार ठेवला. प्रत्येकाने स्वतः वाचलेल्या एका साहित्यकृतीवर बोलायचं. मी माझा विषय सांगितला. सरांनी यादीवरून मान वर केली.

"गेम?"

"वाचायचाच असतो, सर."

"अगं, ग्रंथालयात पुस्तकं काय कमी आहेत? त्यात रोबोट आहेत म्हणतेस. विषय बदल."

मागच्या बाकावरून आवाज आला, "जपानच्या बाई, पूर्णेला रोबोट किती वाजता येतोय?" सगळे हसले. मीही कसनुसं हसले.

विषय बदलणं सोपं होतं. अर्ध्या वर्गाने गाइडमधून टिपणं उतरवली होती, मलाही जमलं असतं. पण इंग्रजीतलं एवढं मोठं काही मी आयुष्यात पहिल्यांदा पुरतं वाचलं होतं. ते वाचन नव्हतं असं मान्य केलं, तर माझ्याकडे वाचलेलं काय उरत होतं? गाइडमधलं बोलून मी वाचणारी ठरणार होते, आणि वर्षभर वाचून नाही. मी विषय बदलला नाही. सरांना तसं सांगायचं धाडस झालं नाही, इतकंच.

माझी पाळी आली तेव्हा मी लॅपटॉप टेबलावर उघडून ठेवला. मुलगा आपल्या मैत्रिणीसमोर उभा आहे आणि ती त्याला विचारते, तू कोण, तो प्रसंग मी निवडला होता. एक ओळ इंग्रजीत वाचली, अर्थ सांगितला. पुढची ओळ, पुढचा अर्थ.

"हाच का तो विषय?" सर म्हणाले. मी मान हलवली आणि वाचत राहिले. दोघं-तिघं मागच्या दाराने उठून गेले.

तास संपल्याची घंटा झाली. "बस. वेळ झाली," सर म्हणाले.

"सर, अध्याय अर्धवट ठेवत नसतात."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मलाच कळलं नाही. वर्ग हसला. सरांनी हजेरीपट उचलला, पण दारापर्यंत जाऊन ते तिथेच उभे राहिले. मी वाचलं. त्या मुलीला शेवटपर्यंत त्याची ओळख पटत नाही, पण ती त्याला स्वतःच्या डब्यातलं अर्धं देते. तिथे तो प्रसंग संपतो.

तो संपला आणि सवयीने मी लॅपटॉपला हात जोडले.

आता मात्र हसण्याने छत उडायचं बाकी राहिलं. कुणीतरी "बोला, रोबोट महाराज की जय!" ओरडलं. हात झटकन खाली घ्यावेत असं फार वाटलं. पण मी ते घेतले नाहीत. हसणं थांबेपर्यंत तशीच उभी राहिले, मगच लॅपटॉप मिटला.

मार्क कमी आले. विषय अयोग्य, असा शेरा होता. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं.

"लोकं उठून गेले?"

"गेले ना."

"पोथीतून बी जातेत. तू उठलीस का मधी?"

"न्हाई."

"मंग झालं तर." तिने तुरीचं सूप पुढे ओढलं. "आता पुढचा भाग लाव."