न पुसलेली खुर्ची

"या वयात मेंदी? आणि कपाळ तर मोकळं दिसतंय."

डॉक्टर साहेब हे माझ्या मायला म्हणाले. आमच्या वस्तीतल्या विहारात, आरोग्य शिबिरात, सगळ्या बायांच्या देखत. त्याच्या जरा आधीच तिनं त्यांना बसायला खुर्ची पुसून दिली होती. कुणी साहेब आला की आमच्या बाया खुर्ची पदरानं पुसूनच पुढं करतात. तशीच तिनंही केली. पुसताना हात पुढं आले आणि साहेबांना दिसले. तळवे गुलाबी, नखांच्या कडा लालभडक.

नर्स हसली. गोळ्या वाटणारा हसला. आमच्यातल्याही दोघी-तिघी हसल्या, कारण साहेब हसले की हसायचं असतं. माझा बाप जाऊन दोन वर्षं झाली होती. मायनं हात पदराखाली घेतले.

मी टेबलाशीच बसले होते. नुकतीच बारावी झाले होते. अक्षर चांगलं म्हणून फॉर्म भरायला मला बोलावलं होतं, आणि मला त्याचा केवढा अभिमान! नवी ओढणी घेऊन गेले होते मी. ते हसणं ऐकून कान तापले, पण हातातला पेन मी खाली ठेवला नाही. ही गोष्ट मी अजून स्वतःला माफ केलेली नाही.

ती मेंदी नव्हती. माय बियाण्याच्या शेडवर जायची. पेरणीच्या आधी बियाण्याला औषध चोळायचं काम असायचं. गुलाबी पावडर, उघडे हात, तोंडाला पदर. सगळे त्याला औषधच म्हणायचे. पुड्यावर मात्र कवटीचं चित्र असायचं. एकदा चढलेला रंग आठ-आठ दिवस उतरायचा नाही. त्या हातांनी ती भाकरी थापायची, मीही ती खायचे.

साहेबांनी नळी कानाला लावली, पण मायच्या छातीला ती धड टेकलीच नाही.

"चूल का गॅस?"

"चूल, साहेब."

"मिश्री लावतेस?"

"लावते."

"मग दम लागणार नाही तर काय होणार?" ते माझ्याकडं वळले. "लिही. कारण : चूल, मिश्री, अस्वच्छता."

माय धीर करून बोलली, "साहेब, शेडवर त्या पावडरीचा लई ठसका लागतो. अन् ह्या मिलच्या धुरानं बी..."

"तुला विचारलं का?"

मी लिहिलं. सुंदर अक्षरात लिहिलं. त्या दिवशी जवळपास सगळ्या फॉर्मांवर मी हेच तीन शब्द लिहिले.

आमची वस्ती नवीन जालन्याच्या पलीकडं, लोखंडाच्या मिलच्या पाठीला. मिल नव्वदीनंतर उभी राहिली. मिलमध्ये भंगार वितळवून सळया करायचे. माझा बाप तिथं भट्टीच्या तोंडाशी होता, खोकून खोकून गेला. धूर सुटला की वारा तो आमच्याकडंच आणायचा. पत्र्यावर, भांड्यावर, निजलेल्या लेकरांच्या तोंडावर काजळी बसायची. खाली नाला, नाल्याच्या काठाला हापसा. हापशाचं पाणी घटकाभर ठेवलं की पिवळं पडायचं. आणि बाया कामाला जायच्या त्या शेडवर. चूलही खरी होती, मिश्रीही खरी होती. मी ते नाकारत नाही. पण साहेबांना आमच्या घरातलं तेवढं दिसलं आणि घरावर येऊन पडणारं काहीच दिसलं नाही. त्यांची नजर बराबर उंबऱ्यापाशी थांबली.

शेजारच्या गयामावशीला घेऊन मी जालन्याच्या प्रदूषणाच्या ऑफिसात धुराचा अर्ज दिला. एक नाही, चार वेळा दिला. शेवटी निरोप आला की हवा तपासायला मशीन घेऊन साहेब येणार.

आणि मग मी ती चूक केली. दुसरं कुणी नाही, मीच केली. "अस्वच्छता" हा शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता. साहेब येणार म्हटल्यावर मी घरोघर फिरले. म्हटलं, एक कण दिसला नाही पाहिजे, बघू आता कोण आपल्याला घाणेरडे म्हणतं. बायांनी पत्रे धुतले, भिंती सारवल्या, सडे टाकले. माय धापा टाकत दाराचा पत्रा घासत होती. "माय, बस जरा," म्हटलं तर म्हणाली, "लोकासमोर पुन्हा खाली बघायची पाळी नको."

हवेचे साहेब आले. त्या दिवशी मिलची चिमणीही गप्प होती. तिला निरोप आमच्या आधी पोचला असणार! साहेबांनी घटकाभर मशीन लावून काढलं, आमच्या पत्र्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं. स्वच्छ.

"चांगली आहे की वस्ती. उगाच अर्ज करता तुम्ही लोक."

मी हापशाचं सांगितलं. "ते पाणीवाल्यांकडं." शेडचं सांगितलं. "ते कारखान्यांचं खातं. मी फक्त हवा बघतो." माय शेजारी उभी राहून खोकत होती. खोकला संपेपर्यंत ते घड्याळाकडं बघत राहिले. मग सही करून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी पुन्हा सुरू. संध्याकाळी माय शेडवरून आली आणि साहेबांसाठी विहारातून आमच्या अंगणात आणलेली खुर्ची बसण्याआधी सवयीनं पुसली. पदर काळा झाला. ती तो हापशावर धुऊन आली, त्याच पिवळ्या पाण्यात. मी उंबऱ्यावर बसून हे बघत होते. आणि एकदम माझ्या अंगाची आग झाली. हे आपणच पुसलं! पुरावा आपल्या दारात पडला होता, आणि आपणच तो घासून, धुऊन, वर सडा टाकून साहेबांच्या पुढं ठेवला. आपल्याला घाण म्हणतील या भीतीनं दुसऱ्याची घाण आपण साफ केली. मला माझीच चीड आली. आणि एक गोष्ट कायमची समजली. त्यांची खाती तीन असतील. माझ्या मायची छाती एकच आहे. सगळं तिथंच जमा होतंय.

मी शाळेची एक कोरी वही काढली. घराला एक पान. कोण कुठं कामाला जातं, पाणी कुठलं पितं, धूर कोणत्या बाजूनं येतो, घरात कोण खोकतं, कोण गेलं, जाताना काय होत होतं. सगळं एकाच पानावर. पहिलं पान मायचं. चुलीपाशी मी थबकले, तर मायच म्हणाली, "लिही पोरी. चूल बी लिही, मिश्री बी लिही. न्हाई तं म्हंतील, लपवून राह्यले."

खुर्चीचं मात्र सोपं नव्हतं. विहाराची ती खुर्ची अंगणातच ठेवायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही, असं मी म्हटल्यावर गयामावशी भडकली. "येडी झाली का? आधीच लोकं आपल्याला घाणेरडे म्हंतात. आता काळ्या खुर्चीवर साहेबाला बसवती का?"

मी काही बोलायच्या आत माय उठली. तिनं खुर्ची अंगणाच्या मधोमध ठेवली.

"माझ्या हातावर हसले तव्हा कोन्ही काही बोललं न्हाई, गया. आता हिला कोन्ही हात लावायचा न्हाई."

रोज सकाळी तिचा हात पदराकडं जायचा आणि मधेच थांबायचा. ते बघणं मला अवघड जायचं. जन्मभराची सवय होती ती.

पंधरा दिवसांनी डॉक्टर साहेब आले. शिबिराचा अहवाल वर पाठवायचा होता. फॉर्म भरणारी म्हणून त्यावर माझी सही हवी होती. अंगणात बाया जमल्या. साहेब खुर्चीपाशी आले आणि थांबले. बसायच्या जागेवर काजळीचा थर होता. त्यांनी मायकडं बघितलं. माय जागची हलली नाही.

"खुर्ची पुसा जरा."

"न्हाई," माय म्हणाली. दोन्ही हात पदराबाहेर होते, गुलाबी. या वेळी कुणी हसलं नाही.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. मी मधे उभी राहिले.

"साहेब, पुसू नका. आधी लिहा."

"काय लिहू?"

मी वही पुढं केली. त्यांनी दोन पानं उलटली. "हे असं फॉर्ममध्ये बसत नाही. कारण एका ओळीत लिहायचं असतं. तू सही कर."

"मंग फॉर्म बदला. ह्या कागदावरचं अक्षर माझं हाये, पण लिहिलेलं खरं न्हाई. मी सही करणार न्हाई."

"तुझ्या सहीनं काय अडतंय?"

"अडत न्हाई तर सही मागून कशाला राह्यले?"

ते उभ्यानंच आले होते, उभ्यानंच गेले. माझ्या सहीशिवाय अहवाल वर गेला असेल. मिल चालू आहे. शेड चालू आहे. मायचा दम तसाच आहे, पायरी चढताना ती दोनदा थांबते. काही जिंकलं नाही आम्ही. पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी पुन्हा कुणाचं दुखणं लिहिणार नाही. वही भरली, दुसरी सुरू केली आहे. आणि साहेब येणार म्हणून आमच्या वस्तीत आता झाडू फिरत नाही.

ते पुन्हा येतील. खुर्ची अंगणातच आहे. आम्ही ती पुसलेली नाही.