ठेकेदार वर गेले, त्याची गोष्ट

ठेकेदारांचा आवाज दांडगा होता. वाळूच्या ढिगाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी हाक मारली, की चौथ्या मजल्यावरच्या गवंड्याची थापी जागच्या जागी थांबायची. कुणी सुरक्षापट्टा मागितला तर म्हणायचे, माझ्या बापानं इमारती बांधल्या त्या काय स्वतःला बांधून घेऊन? बुटांचा विषय निघाला तर पायांना वारा लागायला हवा म्हणायचे. एक नवाकोरा पट्टा त्यांनी आणला होता, नाही असं नाही. तो सिमेंटच्या खोलीत पिशवीसकट खिळ्याला टांगलेला असे, तपासायला कुणी आलं तर दाखवायला. कामगार त्यांना समोर साहेब म्हणत आणि पाठीमागे वाघोबा.

हे वाघोबा पहिल्या मजल्याच्या वर गेलेले मात्र कुणी पाहिले नव्हते. वर काही बघायचं असलं की नेमका त्यांचा फोन वाजायचा, नाहीतर विटांची गाडी यायची. मग मुकादमाला हुकूम सुटे, फोटो पाठव. फोटो बघून ते खालूनच भिंतीतला बाक हेरत, आणि बाक खरंच निघायचा. काम त्यांना कळत होतं, यात वाद नाही.

एक दिवस घराच्या मालकीणबाई आल्या. जन्मभर शाळेत शिकवलेल्या. गच्चीवर टाकी कुठे बसणार ते तुम्हीच दाखवा, म्हणाल्या. ठेकेदारांनी खिसा चाचपला, तर फोन बंद पडलेला. विटाही सकाळीच येऊन पडलेल्या. तोवर बाई जिना चढायलाही लागल्या.

जिन्याला कठडा नव्हता. कठडा सगळ्यात शेवटी, आधी लावला तर सामान न्यायला अडचण होते, हा ठेकेदारांचाच नियम. ते भिंतीला खेटून, एका हातानं भिंतच कुरवाळत चढले. प्लास्टर तपासत असतील असं वाटून बाईंनी कौतुकही केलं. गच्चीवर आभाळाकडे बघतच त्यांनी टाकीची जागा दाखवली. मग चुकून नजर खाली गेली. त्यांनी जवळच्या खांबाला मिठी मारली आणि मटकन खाली बसले.

काय होतंय, असं बाईंनी विचारलं तर खांब पक्का आहे का बघतोय, म्हणाले. बराच वेळ बघत राहिले.

मुकादमाला काही सुचेना. शेवटी मालाची घमेली वाहणाऱ्या बायकांतली सगळ्यात वडीलधारी, जिला ठेकेदारही मावशीच म्हणत, ती शेजारी येऊन बसली.

"भीती वाटते ना, साहेब?"

"लहानपणापासून," ते पुटपुटले.

मावशी हसली नाही. "आम्हालाही वाटते. रोज वाटते. फक्त आम्हाला खांब धरून बसायची सोय नाही."

खालून तो टांगलेला पट्टा आणवला. कुणी कधी घातलेलाच नव्हता, त्यामुळे कुठली पट्टी कुठं अडकवायची ते मुकादमाला कळेना. पिशवीवरची चित्रं बघत मालकीणबाईंनी तो ठेकेदारांना चढवला. पट्ट्याचा दोर मुकादमानं धरला, जिन्याच्या उघड्या बाजूनं मावशी चालू लागली. प्रत्येक मजल्यावर ठेकेदार दम खायला थांबत, आणि तेवढ्यात मावशी एकेक मागणी पुढं करी. आधी जिन्याला कठडा. लावतो, म्हणाले. मग परांचीवर चढणाऱ्या प्रत्येकाला पट्टा. आणतो. मग सगळ्यांना बूट. आणतो, पण तुम्ही आधी पुढं चला.

जमिनीला पाय लागताच आवाज परत आला. बुटांचं बघू नंतर, ते म्हणाले.

"मी सगळं ऐकलंय," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या. "हे झाल्याशिवाय पुढचं काम नको."

घरी ठेकेदारांनी बायकोला सांगितलं. तिला यात नवल वाटलं नाही. घरातला दिवा बदलायला स्टुलावर आजवर तीच चढत आली होती.

कठडा लागला, पट्टे आले, बूटही आले. कुरकुर केली ती कामगारांनीच. पट्टा काखेत काचतो म्हणून एक गवंडी रोज तोंड वाकडं करी, आणि आता ठेकेदार खुर्चीतून त्याच्यावरच ओरडत. इतर ठेकेदार चिडवत, तुमच्याकडं बांधकाम चालतं की सर्कस?

पुढं एका दुपारी त्याच गवंड्याच्या पायाखालची फळी कलंडली. तो तिसऱ्या मजल्याबाहेर पट्ट्याला लोंबकळला, गुडघा भिंतीवर आपटला. सोबत्यांनी त्याला आत ओढून घेतलं. खाली ठेकेदार खुर्ची सोडून उठले होते.

संध्याकाळी ते त्याच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण दारातच गवंड्याची बायको म्हणाली, "बघा ना साहेब, सायकलवरून पडून आलेत." तिच्या पाठीमागून गवंडी हात जोडून खुणावत होता.

ठेकेदारांनी सुजलेला गुडघा नीट बघितला. बरं वाटेपर्यंत येऊ नकोस, हजेरी लागेल, म्हणाले. तिनं दिलेला चहा घेतला. निघताना जरा थांबले.

"सायकल जपून चालवत जा रे," ते हळूच म्हणाले.