बिनसंवादाची भूमिका

"आधी उभी राहा. संवाद मागून बघू." नवी कुणी तालमीला आली की बाई एवढंच म्हणायच्या आणि तिचा दंड धरून तिला आमच्या बेसमेंटमधल्या गालिच्यावर आणून सोडायच्या. तोच आमचा रंगमंच.

हे अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधलं माझ्या मुलाचं घर. साल ऐंशीच्या पुढचं. नाटकं बाईंनीच लिहिलेली. खरं सांगायचं तर बेताचीच. पुरुष तीन आणि बायका ढीगभर. शेजारणी, आत्या, मोलकरणी, सगळ्या नुसत्या उभ्या. आमच्या मराठी मंडळातले पुरुष हसायचे, "बाईंचं नाटक म्हणजे हळदीकुंकू!"

बाई हसू देत. एरवी त्या गावातल्या समुपदेशन केंद्रात नोकरी करत. तिथे गोऱ्या बायका येऊन रडत. आपल्यातली एकही तिकडे फिरकत नसे. गेली असती तर रविवारपर्यंत मंडळभर झालं असतं. तालमीला मात्र नवरे स्वतः गाडीनं आणून सोडत. मग चहाच्या वेळी बाई एकेकीला वॉशिंग मशीनपाशी नेत आणि मशीन लावत, बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून. माझ्या मुलाचे धुतलेले टॉवेल पुन्हा पुन्हा धुऊन विरले.

शैला एका डॉक्टरची बायको, नुकतीच लग्न होऊन आलेली. बांगड्यांखाली मनगट काळंनिळं. तिला मोलकरणीचं काम मिळालं, बिनसंवादाचं.

एकदा डॉक्टर लवकर न्यायला आला आणि जिन्यावर बसला. "महिनाभर येतेय. हिचा पार्ट तरी दाखवा."

"दाखवते की," बाई म्हणाल्या. "मावशी, तुम्ही मालकीण. हिला घरी हाकला."

मी ओरडले, "आटप गं! घरी जा आता."

शैला खाली बघत राहिली. मग पुटपुटली, "नाही जाणार."

"मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू आलं पाहिजे," बाई म्हणाल्या.

"मी घरी जाणार नाही!"

डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या. "व्हेरी गुड. चल, कोट घाल."

शैला हलली नाही. बाई जिन्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "ती आज माझ्याकडे येतेय, डॉक्टर."

काही आठवडे ती बाईंकडे राहिली. मग मंडळातली वडीलधारी माणसं डॉक्टरला पुढे घालून बाईंकडे पेढे घेऊन गेली. त्यानं सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागितली. इतकं चांगलं काम आमच्या नाटकात कुणी कधी केलं नाही. बाई नको नको म्हणत होत्या. शैला त्याच्याबरोबर गेली.

त्यानं टेक्सासला नोकरी धरली. पुढच्या थंडीत बातमी आली, शैला जिन्यावरून पडून वारली. जिन्यावरून, असं डॉक्टर म्हणाला. मंडळानं शोकसभा घेतली आणि बाईंचं नाटक बंद केलं. त्यानं घरं मोडतात म्हणे. त्यानंतर बाईंनी एक ओळ लिहिली नाही. केंद्रात मात्र आजारी पडेपर्यंत जात होत्या.

त्या गेल्या तेव्हा फ्युनरल होममध्ये मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांच्या नाट्यसेवेवर भाषण केलं. तुम्ही अशी भाषणं ऐकलीच असतील. आम्ही तालमीतल्या बायका मागे भिंतीशी उभ्या होतो.

"कुणाला दोन शब्द बोलायचेत?" त्यांनी विचारलं.

आम्ही नुसत्या उभ्या.

"मग बसून घ्या. खुर्च्या आहेत."

त्यांनी दोनदा सांगितलं. आम्ही बसलो नाही.