धर्मकाट्याजवळची चौथी फ्रेम

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचतो. हसायला. निम्म्या लोकांना ॲसिडिटी झालेली असते आणि उरलेल्यांना शेजारचं मांजर दिसलेलं असतं. खाली पन्नास जण लिहितात — "बापरे, अंगावर काटा आला." कसला काटा येतो तुमच्या अंगावर, मला खरंच कळत नाही.

मी चंद्रपूरला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातले देव गेले, आणि देवांबरोबर भुतंही गेली. लहानपणी कुणी चिंचेखालच्या बाईची गोष्ट सांगितली की बाबा विचारायचे, "तू पाह्यली काय?" नाही म्हटलं की विषय संपला. मी हे लिहितोय ते केवळ माझ्याकडे फाइल आहे म्हणून. पाहिलेली नाही, ऐकलेली नाही... कॅमेऱ्याच्या कार्डवर असलेली फाइल.

मला फोटोचा नाद आहे. आमच्या भागात हा नाद म्हणजे ताडोबा. मांडीएवढी लेन्स जिप्सीच्या दांड्यावर टेकवून झोपलेल्या वाघाचे आठशे फोटो काढायचे. दुसरी जमात एटापल्लीच्या बाजारात जाते, एखाद्या आदिवासी म्हातारीच्या सुरकुत्या टिपते आणि खाली 'लाइफ' असं लिहिते. तिचं नाव विचारायची गरज कुणाला वाटत नाही. मला दोन्हींची किळस येते. माझ्याकडे छोटा मिररलेस कॅमेरा आहे. पंजात मावतो, लेन्स बिस्किटाच्या पुड्याएवढीही नाही, पॅन्टच्या खिशात जातो. त्याचा स्क्रीन वर वळतो, म्हणजे कॅमेरा पोटाशी धरून खाली बघत फोटो काढता येतो. शटरचा आवाज बंद करता येतो. समोरच्याला पत्ताही लागत नाही. रस्त्यावरचे खरे चेहरे मिळतात ते असेच, असं माझं मत होतं.

फोटो काढायला मला हमीदभाईंनी शिकवलं. चंद्रपूरला त्यांचा छोटा स्टुडिओ होता. कॉलेजच्या दिवसांत मी त्यांच्या डार्करूममध्ये तासन् तास बसायचो. अतिशय कडक माणूस. चुकलेली प्रिंट समोर फाडून टाकायचे आणि परत करायला लावायचे. पुढे स्टुडिओ बंद झाला, भाभी गेल्या, आणि ते घुग्घुसला मुलीकडे, शबानाकडे राहायला गेले. तीन-एक वर्षांपासून त्यांना विसरण्याचा आजार लागला. सुरुवातीला मी महिन्यातून एकदा जायचो. मग ते एका तासात दहा वेळा तेच विचारू लागले — "प्रकाश, कॉलेज झालं काय तुझं?" मी पंचेचाळीसचा. दहाव्या वेळी मी चिडून उत्तर दिलं. मग जाणं कमी झालं. मग बंद. कारणं माझ्याकडे भरपूर होती, शिक्षकाकडे असतातच.

गोष्ट मे महिन्यातल्या एका रविवारची. सकाळी आठच्या पाळीला जाणारे खाणकामगार टिपावेत म्हणून मी घुग्घुसला गेलो. धूळ, मोटरसायकली, तोंडाला दुपट्टे बांधलेली माणसं, कोळशाचे ट्रक. चांगला प्रकाश होता. शबानाची गल्ली रस्त्यात लागली. मी वळलो नाही.

नऊनंतर ऊन चढायला लागलं. परतताना रस्त्याच्या कडेला एक बंद पडलेला धर्मकाटा दिसला — ट्रकांचं वजन करायची जागा. खिडक्या नसलेली एक खोली आणि तिच्यावरची पुसट पिवळी अक्षरं. मी रस्त्याच्या या बाजूला, चहाच्या टपरीजवळ उभा राहिलो. एक मोटरसायकल आली तसं बटन दाबून धरलं. सेकंदाला दहा या वेगाने सात फोटो निघाले. कॅमेरा खिशात टाकला आणि घरी आलो.

साडेबाराला शबानाचा फोन. ती रडत होती.

"प्रकाशभाऊ, अब्बा तुमच्याकडे आले काय?"

"नाही. काऊन?"

"सकाळी सहालेच निघाले घरातून. आम्ही झोपून होतो. कुठीच सापडून नाई राह्यले, भाऊ."

बाहेर पंचेचाळीस डिग्री असेल. आमच्याकडे मे महिन्यातली दुपार म्हातारा माणूस उघड्यावर काढू शकत नाही, हे वेगळं सांगायला नको. मी गाडी काढली.

घरी पन्नास माणसं जमली होती. शबानाचा नवरा अस्लम पोलीस स्टेशन आणि नदी दोन्हीकडे जाऊन आला होता. ओसरीवर एक शेजारी खुर्चीत पाय पसरून सल्ले देत होता.

"राजुऱ्याकडे एक बाबा हाये. नाव सांगतलं का कोन्या दिशेले माणूस गेला ते बरोबर सांगते. एक फोन लावून पाहा ना."

मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. "लाज वाटते का? म्हातारा उन्हात मरून राह्यला अन् तुम्हाला बाबा सुचते? उठा, दुचाकी काढा, शोधायला चला." तो बिचारा उठलाही. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. अडाणी माणसाला गप्प करण्याची एक मजा असते.

मग मला शहाण्या माणसाला सुचावं ते सुचलं. सकाळी मी याच गावात दीड तास रस्त्यावरचे फोटो काढत होतो. हमीदभाई एखाद्या फोटोत मागे कुठेतरी आले असतील, तर निदान दिशा कळेल.

"कपडे कोणते होते?" मी विचारलं.

"पांढरा कुर्ता," शबाना म्हणाली. "रात्री घातला तोच. बटनं वरखाली लागले होते, मी म्हटलं सकाळी नीट करीन..."

खिशातला कॅमेरा काढून मी ओसरीवर बसलो आणि एकेक फोटो मोठा करून पाहू लागलो. शबाना खांद्यामागून बघत होती. धर्मकाट्याचे सात फोटो आले. पहिल्यात मोटरसायकल आणि मागे रिकामी भिंत. दुसरा तसाच. तिसरा तसाच.

चौथ्यात भिंतीजवळ हमीदभाई उभे होते.

पांढरा कुर्ता, वरखाली बटनं. उजवा हात वर, तोंड उघडं. डाव्या पायात चप्पल, उजवा पाय अनवाणी. आणि नजर थेट कॅमेऱ्याकडे.

"अब्बा!" शबाना ओरडली. "हे तर अब्बा होय!"

पाचव्या फोटोत भिंत रिकामी. सहाव्यात, सातव्यात रिकामी. त्या वेळी मी विचार केला नाही. अस्लमला घेऊन पळालो.

धर्मकाट्यापाशी कुणी नव्हतं. टपरीवाला बसला होता. अस्लमने मोबाइलवरचा हमीदभाईंचा फोटो त्याला दाखवला.

"हे बुढे? सकाळी गेले न त्या खोलीच्या मांगं," तो म्हणाला. "साडेसहा असन. म्हटलं लघवीले गेले."

"परत आले?"

त्याने डोकं खाजवलं. "नाई पाह्यलं बा. मी इथीच होतो... ध्यानात नाई राह्यलं."

सात तास समोर बसून हा माणूस चहा विकत होता! मी त्याला काय बोललो ते छापण्यासारखं नाही.

खोलीच्या मागे वजनकाट्याचा खड्डा होता. वरचा लोखंडी पत्रा कुणीतरी काढून नेलेला, कडेनं बेशरमाची झाडं. काठावर उजव्या पायाची चप्पल पडली होती. हमीदभाई तळाशी, कुशीवर. पाय विचित्र वळलेला. ओठ फुटलेले. सकाळभर भिंतीची सावली होती, आता ऊन त्यांच्या कमरेपर्यंत आलं होतं. अस्लम खाली उतरला आणि ओरडला, "जित्ते हायेत!"

चंद्रपूरला दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, खुब्याचं हाड मोडलंय, आणखी तासभर उशीर झाला असता तर उन्हानेच गेले असते. मी मुद्दाम विचारलं — पडल्यावर हे एकदा तरी उभे राहिले असतील का? चालत रस्त्यापर्यंत आले असतील? डॉक्टरांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं मी माझ्या 'ढ' विद्यार्थ्यांकडे पाहतो. "सर, हे कुशीवर वळू शकले तरी खूप झालं."

आता तुमचे सगळे आक्षेप मी आधीच घेऊन बसलोय. जुना फोटो मिसळला? कार्ड त्या दिवशी सकाळीच फॉरमॅट केलं होतं. फाइलवर वेळ आहे, नऊ बारा. ते तेव्हा उभे होते आणि नंतर पडले? मग पडण्याआधीच पाऊल अनवाणी कसं, आणि एका सेकंदाच्या दहाव्या भागात माणूस भिंतीपाशी येऊन नाहीसा कसा होतो? भुताला सावली नसते म्हणणाऱ्यांसाठी — यांना सावली आहे. शेजारच्या खांबाची पडलीय त्याच दिशेला, उंचीच्या हिशेबात बरोबर तेवढी. मी मोजली आहे. स्टाफरूममधल्या दोघांना फाइल दाखवली. एक म्हणाला, एडिट छान केलंय. तेव्हापासून कुणाला दाखवत नाही.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, भेटीच्या वेळेत, मी त्यांच्याजवळ बसलो होतो. बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला बरोबर ओळखलं. कॉलेजचं विचारलं नाही.

"तू होता न तिथी," ते म्हणाले.

"कुठे, हमीदभाई?"

"रस्त्यावर. मी हाक मारली तुले. तू त्या डब्बीत पाहून राह्यला होता. पाह्यलं, अन् चाल्ला गेला."

शबाना तिथेच होती. त्या रविवारी सकाळी मी धर्मकाट्यासमोर होतो, पोटाशी कॅमेरा धरून स्क्रीनमध्ये बघत होतो, हे त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. खड्डा खोलीच्या मागे, मी रस्त्याच्या पलीकडे, मध्ये पूर्ण भिंत. ट्रकांच्या आवाजात हाक ऐकू येणं शक्य नव्हतं. पण मी त्या क्षणी स्क्रीनकडेच बघत होतो हे खरं आहे. चौथी फ्रेम माझ्या डोळ्यांसमोरून गेली, हेही खरं आहे.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडेही नाही, तेव्हा खाली 'शक्ती', 'ऊर्जा' असलं काही लिहू नका. मी उत्तर देणार नाही.

हल्ली मी दर रविवारी घुग्घुसला जातो. हमीदभाई वॉकर धरून ओसरीपर्यंत येतात. पुन्हा बरंच विसरलेत, कधी कधी मला ओळखतही नाहीत. शबाना त्यांना सांगते, "अब्बा, यायनंच शोधलं तुमाले. प्रकाशभाऊ नसते तर तुमी नसते." ते माझ्याकडे बघतात आणि मान हलवतात.

"नाई," म्हणतात. "हा तर निघून गेला होता."