अंबाडीचा लाल रंग

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. बी.एस्सी. झाल्यावर खामगावात एका संशोधनात नमुने गोळा करायचं काम मिळालं. अंबाडीच्या बोंडांचा लाल रंग रोज पोटात गेला तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपासून काही बचाव होतो का, आणि त्याची खूण थुंकीत सापडते का, हे बघायचं होतं.

आमच्या वडनेर भोलजीच्या बायका नळीत थुंकायला लाजायच्या. शेवटी माझी आईच पुढे झाली. आमच्याकडे दृष्ट काढताना मीठ-मिरच्यांवर थुंकतात, तशी तिनं नळीत थू थू केली. "घ्या, गेली पीडा! आता लाजता काऊन वं? नवऱ्याच्या नावानं तं रोज थुंकता!" सगळ्या हसल्या, अन् रांग लागली.

"माय, याचा रिपोर्ट येत नसते बरं," मी तिला बजावलं.

"हाव, समजते मले."

ती रोज बोंडांचं सरबत घ्यायची. काही महिन्यांनी तिला संडासला लाल व्हायला लागलं. मला बोलली नाही. शेजारच्या काकूनं डॉक्टरचं नाव काढलं, तर म्हणाली, "अंबाडीचा रंग असन तो. अन् माही थुंकी तं माह्या पोरीपाशी हाय. काही असतं तं तिनं सांगतलं नसतं का? एवढी शिकली ते!"

काकूनं हे मला सांगितलं तेव्हा आई दवाखान्यात होती. गाठ आतड्यातली, पण आजार लिव्हरपर्यंत गेलेला.

"तुह्या नळीत दिसलं नाही का वं?" आईनं विचारलं. रागानं नाही, सहजच.

"नळ्या अजून उघडल्याच नाहीत, माय."

तिनं माझा हात थोपटला. "असू दे. घाई नको करू. काम बराबर झालं पायजे."

पोळ्याच्या आधी ती गेली.

नळीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. तिचा मला पाठ आहे. परवा सगळ्या नळ्या तपासणीला पाठवायच्या म्हणून बर्फाच्या पेटीत भरल्या. तिची हातात आली, तेव्हा माझा हात तिथंच थांबला.

"अगं, लाव ना झाकण," सोबतची मुलगी म्हणाली. "बर्फ वितळून राह्यला."

नळी आत ठेवली. झाकण लावलं.